करवतीला गवसणी

पेणच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात नवी करवत बघायला मागितली, की ती दात्यांवर प्लॅस्टिकची पट्टी चढवूनच समोर येते. काही करवतींना नुसता पुठ्ठ्याचा पट्टा असतो. गिऱ्हाईक ती पट्टी काढतं, अंगठ्याच्या पेरानं दाते चाचपतं, पातं जरा वाकवून सोडतं, त्याचा आवाज ऐकतं, मूठ हातात बसते का बघतं आणि पैसे देतं. पट्टी काउंटरवरच राहते. श्रावणातल्या एका सकाळी मी अशा एका दुकानात उभा होतो. तेवढ्या वेळात दोन करवती विकल्या गेल्या. एक मोटारसायकलच्या आरशाच्या दांडीला मूठ अडकवून गेली, दुसरी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत. गोणीच्या विणीतून बाहेर आलेले दाते मला रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होते. ‘या पट्ट्या मी घेऊ का?’ असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘न्या ना. संध्याकाळी केरातच जातात.’

त्या दोन पट्ट्या अजून माझ्या टेबलावर आहेत.

पेण म्हटलं की गणपती, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात आणि श्रावणात रंगाचा शेवटचा हात फिरतो. मूर्तिकारांवर खूप लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण मूर्ती ज्या फळ्यांवर वाळते त्या मांडण्या, तिच्याखालचा पाट, ती पेंढ्यात बसवून दूर पाठवायची तर लागणारं लाकडी खोकं, हे सगळं सुतार करतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून प्लायवुडच्या आणि लाकडी मखरांची कामंही त्याच्याकडे आहेत. ही कामं सगळी पेणात नसतात. रोहा, नागोठणे, पेण इथून हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सुतार दिवा-रोहा गाडी पकडतात, पनवेलला उतरतात, पुढे कुठल्या तरी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर जातात. पिशवीत रंधा, पटाशी, गुण्या, हातोडी, कानस हे सगळं मावतं. करवत मावत नाही. ती नेहमी पिशवीच्या तोंडातून हातभर वर असते, दाते बाहेरच्या बाजूला, कारण आतल्या बाजूला असते तर खांदा फाटला असता.

गर्दीच्या डब्यात ते दाते कुणाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. बसलेल्या बाईच्या मांडीवरचं मूल नेमकं त्या उंचीवर असतं.

माझ्या डाव्या पोटरीवर एक वण आहे, साधारण चार बोटं लांबीचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. दुपारच्या त्या दोन-तीन तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, आणि आत रोह्यापर्यंत आंबे, चिंचा, शिरीष उन्मळून रस्त्यांवर पडले. टाळेबंदीचे दिवस होते. वीज अनेक गावांत कित्येक दिवस आली नाही. पेट्रोलवर चालणारी कापणी यंत्रं मोजकी, ती मोठ्या रस्त्यांवर गुंतलेली. गावांतले आतले रस्ते लोकांनी हातांनी मोकळे केले. कोयत्यानं डहाळ्या उतरवायच्या, कुऱ्हाडीनं फांद्या, आणि बुंधा आडवा आला की करवत. घरोघरच्या माळ्यांवरून, कोठारांतून करवती निघाल्या. गंजलेल्या, मूठ हललेल्या, दोरीनं बांधलेल्या. आम्ही रोह्याच्या बाजूला एका नातेवाइकांच्या वाडीत होतो. पडलेल्या आंब्यावरून मी पलीकडे उडी मारली आणि करवत हातातच होती. पाय घसरला. पातं माझ्या हातून फिरलं आणि पोटरीला लागलं. कापायचं काम चालू असतानाची ती जखम नव्हती. मी करवत फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत होतो.

करवतीची जखम सुरीसारखी सरळ नसते. दाते मांस ओढत जातात, कडा फाटलेल्या राहतात, आत लाकडाचा भुसा आणि गंज जातो. त्यामुळे टाके घालणं अवघड होतं आणि भरायला वेळ लागतो. त्या दिवशी कुणी हळद आणली, कुणी तंबाखू. तिथल्या एका शहाण्या काकूंनी दोन्ही बाजूला सारून स्वच्छ ओढणी घट्ट दाबून धरली, पाय उंचावर ठेवायला लावला, आणि रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्यानं जखम धुवून दवाखान्याला पाठवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पाय वाचला तो काकूंमुळे, असं मी आजही मानतो.

त्या दिवसापासून रस्त्यानं जाणारी प्रत्येक उघडी करवत मला दिसते.

रायगडात पातं अंगावर वागवायची फार जुनी आणि फार चांगली पद्धत आहे. ती कोयत्याची आहे. पेण आणि रोह्याच्या डोंगरांतल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर जा. रानात निघालेल्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला दोरीनं बांधलेली आकडी दिसेल, लाकडाची किंवा लोखंडाची. कोयता तीत अडकवलेला, मूठ वर, पातं खाली. चालताना तो पायांत येत नाही, वाकलं तर टोचत नाही, झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. झाडावरून उतरताना माणूस छाती खोडाला लावून उतरतो, म्हणून आकडी पाठीला. मागे हात नेला की न बघता मूठ सापडते. एका वस्तूचं वजन, तिची वाकण, माणसाचा हात आणि झाडाचं खोड यांचा इतका पूर्ण विचार केलेली रचना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. कुणी एकानं ती शोधली नसणार. पिढ्यांनी ती घासूनपुसून केली.

आणि तिची गरजही तशीच होती. इथल्या भातशेतीला राब लागतो. रोपं तयार करायच्या जमिनीवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून उन्हाळ्यात भाजावळ करायची. त्यासाठी ऐनाच्या झाडांवर चढून टाळं उतरवायची. पेणपासून रोह्यापर्यंतच्या माळांवरचे ऐन ओळखू येतात ते यामुळेच: उंच, सडपातळ, डोक्याशी छाटलेले. हा राब इतका जिव्हाळ्याचा होता, की इंग्रजांच्या वनखात्यानं झाडांवर हात टाकायला बंदी घातली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष उठला. मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. १९८१ मध्ये नाव बदललं. पुढे १९३० मध्ये २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबारात आठ सत्याग्रही गेले. पेणच्या शेजारच्याच तालुक्यातली ही गोष्ट. रानात हत्यार घेऊन जाण्याला या मुलखात असा अर्थ आहे. कोयता कमरेला लावून निघणं म्हणजे माझं या रानाशी नातं आहे, हे सांगणं.

करवतीला मात्र आकडी नाही. रोह्याजवळच्या एका म्हाताऱ्या सुतारांना मी हे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘कोयता रानात हिंडणाऱ्याचा, म्हणून त्याला कमरंला जागा. करवत आमच्या पडवीतली. तिला कुठं जायचं असायचं?’

मला हे उत्तर पटलं. बारा बलुत्यांतला सुतार गावातच बसे. नांगर, पाभर, बैलगाडीचं चाक त्याच्याकडे यायचं. लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरून तो पडवीत बसून कापायचा आणि संध्याकाळी करवत वाशाच्या खुंटीला टांगायचा. तिला घर होतं, ते भिंतीवर. सुतार हिंडायला लागला तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत, इमारतींच्या कामांमागे. हत्यार प्रवासाला लागलं आणि त्याच्या प्रवासाचा विचार करायचा राहून गेला.

आता प्रत्यक्ष करवतीकडे येतो, कारण तिची गवसणी, म्हणजे आवरण, करायची तर आधी ती नीट बघावी लागते.

नेहमीच्या सुतारी करवतीचं पातं २२ इंचांच्या आसपास असतं, मुठीकडे रुंद, टोकाकडे निमुळतं. इंचाला ७ दाते धरले तर एका पात्यावर दीडशेहून जास्त दाते झाले. हे दाते एका रेषेत नसतात. एक डावीकडे किंचित वाकवलेला, पुढचा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं आत अडकत नाही. पातं साधारण एक मिलिमीटर जाडीचं असेल तर चीर दीड मिलिमीटरच्या आत-बाहेर. करवत चालते ती या वाकेमुळे. ही वाक बिघडली, काही दाते एका बाजूला दबले, की करवत एका अंगाला ओढते आणि रेघ सोडते. दाते बोथट होणं वेगळं. कानस मारली की धार परत येते. वाक पुन्हा देणं हे कौशल्याचं आणि वेळखाऊ काम आहे.

म्हणजे गवसणी दोघांना वाचवते: माणसाला दात्यांपासून, आणि दात्यांना पिशवीतल्या हातोडीपासून. मी ज्या-ज्या सुतारांशी बोललो त्यांना पहिल्या गोष्टीचं फारसं काही वाटत नव्हतं. ‘सवय झालीय, दादा.’ पण दुसरी गोष्ट काढली की ते लगेच पुढे सरकायचे. हत्यार खराब होतं, हे दुखणं त्यांचं स्वतःचं होतं. मला आधी याचं वाईट वाटलं. नंतर कळलं, की ज्याची मजुरी रोजच्या रोज कामावर ठरते त्याला करवत आणि आपला हात या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नाहीत.

कोयत्याची धार गुळगुळीत आणि एका रेषेत असते, म्हणून तो नुसता टांगता येतो. तलवार म्यानात सरकते. करवत सरकत नाही. तिला टोकाकडून कशातही घाला, दीडशे दाते वाटेत आवरणाचा एक-एक धागा ओढत आत जातात. चामड्याचं म्यान पाचपन्नास वेळांत फाटतं. कापडाचं त्याहून लवकर. म्हणून करवतीचं आवरण खालून, दात्यांच्या बाजूनं चढवायचं असतं, मुकुटासारखं. दुकानातल्या त्या पट्टीनं हे केलेलं असतंच. पण तिची पकड ढिली असते, कारण ती कारखान्यापासून दुकानापर्यंतच्याच प्रवासासाठी असते.

इथं मला एक जुना आधार सापडला आणि मी अक्षरशः उठून उभा राहिलो. करवत हा शब्द संस्कृत करपत्रातून आला. आयुर्वेदातल्या शल्यचिकित्सकांच्या शस्त्रांत करपत्र आहे, हाडं कापण्यासाठी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात त्याची मापं दिली आहेत: दहा अंगुळं लांब, दोन अंगुळं रुंद, बारीक दात्यांचं, चांगल्या मुठीचं. आणि त्याच अध्यायात पुढे ही सगळी शस्त्रं ठेवायच्या कोशाचं वर्णन आहे. नऊ अंगुळं रुंद, बारा अंगुळं लांब. रेशीम, लोकर, तागासारखं कापड किंवा मऊ चामडं, यांतल्या कशाचंही चालेल. पक्कं शिवलेलं, बांधायला फासे असलेलं, आत शस्त्रं लोकरीवर वेगवेगळी ठेवलेली, आणि तोंड एका शलाकेनं, म्हणजे काडीनं बंद केलेलं. माप लावून बघा: दहा अंगुळांचं करपत्र बारा अंगुळांच्या कोशात बसतं.

सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्यानं घरोघर फिरणाऱ्या माणसाचं हत्यार डोळ्यांपुढे आणून हे लिहिलं आहे. वैद्य रोग्याकडे जातो, हत्यार बरोबर जातं, म्हणून त्याचं घरही बरोबर जायला हवं. आणि तपशील बघा. लोकर, कारण ती मऊ असते आणि तिच्यात अंगचा स्निग्धपणा असतो. वेगवेगळी, कारण धारेला धार लागली की दोन्ही जातात. काडी, कारण उघडं तोंड म्हणजे अर्धाच कोश. पनवेलच्या गाडीत चढणाऱ्या आमच्या सुताराला यापलीकडे काय हवं?

निसर्गानंही हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. आपल्या कोळ्यांना माहीत असलेला करवत मासा, आता फार दुर्मीळ झालेला, पिल्लांना जन्म देतो. लांब सोंडेच्या दोन्ही कडांना दाते असलेलं पिल्लू आईच्या पोटातून यायचं, तर आई फाटेल. म्हणून जन्मताना त्या करवतीवर मऊ, बुळबुळीत आवरण असतं. पिल्लू पाण्यात आलं, की काही दिवसांत ते विरघळून जातं. आवरण फक्त प्रवासापुरतं. आईच्या पोटातून समुद्रापर्यंतचा प्रवास.

पेणमधल्या एका सुतारकाकांच्या पडवीत आम्ही भाद्रपदाआधी तीन गवसण्या करून पाहिल्या. काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्या उजव्या तर्जनीला पेर कमी आहे. ते कसं गेलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिली कळकाची. वाळलेला, आतून पोकळ कळक, एक इंच पोकळीचा. आतले पेरांचे पडदे सळई तापवून फोडले, एका बाजूनं लांबीभर चीर पाडली, पातं त्या चिरेतून दात्यांकडून आत. वजनाला काहीच नाही, पैसे शून्य. चार दिवसांनी पाऊस वाढला आणि चीर मिटली. करवत काढायला दोघं लागले. मग उघाड पडली, कळक वाळला, चीर उघडली आणि करवत आपोआप सुटून पडायला लागली. काका म्हणाले, ‘कळकाला ऋतू कळतो. आपल्याला न कळणारी वस्तू पायजे.’

दुसरी पाण्याच्या नळीची. बागेला पाणी घालायची जाड हिरवी नळी, पात्याहून दोन इंच जास्त लांब कापलेली, लांबीभर चिरलेली. पाच मिनिटांचं काम. पात्यावर ती आपसूक चिमटा घेते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन अरुंद कड्या कापून नळीवर आणि पात्यावर मिळून चढवल्या, म्हणजे सुटत नाही. भिजली तरी बिघडत नाही. टोकाकडचं तोंड उघडं ठेवलं की पाणी निथळून जातं. एक दोष: जोरात दाबून बसवली तर दाते नळीच्या तळाला रुततात आणि काही आठवड्यांत तळ कुरतडला जातो. त्यावर काकांनी नळीच्या आत तळाशी सुतळी घातली, दाते तिच्यावर बसावेत म्हणून. त्यानं थोडं भागलं. ज्याला आज, आत्ता, खर्च न करता करवत झाकायची आहे त्यानं हेच करावं असं माझं मत आहे. आमच्या पावसाला तरी यासारखं काही नाही.

पण काकांचं समाधान झालं नव्हतं. दाते कशावर तरी बसतायत, हेच त्यांना खुपत होतं. संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना वाग्भटाची लोकर सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग आत गेले आणि माळ्यावरून कसर लागलेलं एक जुनं घोंगडं घेऊन आले.

तिसरी गवसणी त्या घोंगड्यातून झाली. ४ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन पट्ट्या, पात्याहून लांब आणि दोन इंच रुंद. दोघींच्या मध्ये खालच्या कडेला ४ मिलिमीटर जाडीची अरुंद लाकडी चीप. म्हणजे वरून उघडी, खालून बंद अशी खाच झाली. खाचेच्या आतल्या दोन्ही बाजूंना, वरच्या कडेलगत, घोंगड्याच्या अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या चिकटवल्या. पातं आत गेलं की दोन्हीकडून घोंगडं त्याला धरतं, दात्यांच्या रेषेच्या वर. दाते खाली पोकळीत लोंबतात. कशालाही टेकत नाहीत. काका दोन बोटांनी ती करवत मुठीकडून उचलून, गवसणीसकट उलटी-सुलटी करत म्हणाले, ‘बघा, आता धरलंय ते पात्याला. दात्यांना कुणी हात लावलेला नाय.’

मला जे कळायला इतके दिवस लागले ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

बाकीचं भराभर झालं. लोखंडी चुका गंजतात म्हणून पितळी. मुठीच्या भोकातून येणारा नाडा, गवसणीच्या मुठीकडच्या टोकाला बांधलेला, आणि त्याच्या गाठीत अडकवायची बांबूची काडी, वाग्भटाची शलाका. काडी ओढली की नाडा सुटतो, एका हातानं. घोंगड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब. खोबरेल नको, ते दिवसांनी चिकट होतं आणि भुसा धरून ठेवतं. टोकाकडची बाजू पूर्ण बंद नाही, एक छोटं भोक ठेवलं. बाहेरून तांबडा ऑइलपेंट, मूर्तींच्या कारखान्यातून मागून आणलेला. लाल का, तर गवतात पडली तरी दिसावी, आणि पिशवीत हात घालणाऱ्याला नुसत्या नजरेनं कळावं की आत काय आहे.

ही तिसरी गवसणी धो-धो पावसातली नाही. लोकर पाणी पिते, आणि ओल्या लोकरीत पातं रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर लाल ठिपके येतात. जून ते सप्टेंबर नळी, पुढे घोंगडं, असा काकांचा निर्णय आहे. चामड्याला त्यांनी सरळ नकार दिला. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं दमट हवेत पोलादाला खातात, हे त्यांना स्वतःच्या पटाश्यांवरून माहीत होतं.

आंब्याच्या बागांतली करवत निराळी. कोकणात जुन्या, उंच वाढलेल्या हापूसची छाटणी करून त्यांना पुन्हा तरुण करायचं काम आता बरंच चालतं. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतात, खोडकिडीवर लक्ष ठेवतात. मोठ्या फांद्यांना यंत्र, आतल्या फांद्यांना हातातली वाकडी छाटणी करवत. तिचे दाते ओढताना कापतात, ढकलताना नाही, कारण झाडावर बसलेल्या माणसाला ओढणं सोपं आणि सुरक्षित असतं. जपानी सुतारांच्या करवतीही तशाच, म्हणून त्यांचं पातं पातळ चालतं. या वाकड्या करवतीला मात्र सरकतं म्यान चालतं, कारण ते कडक प्लॅस्टिकचं असतं आणि पाठीच्या कडेनं सरकवता येतं. परदेशातले झाडांवर काम करणारे लोक ते म्यान पायाला, पोटरीला पट्ट्यांनी बांधतात. हे मी वाचलं तेव्हा माझ्या पोटरीवरच्या वणाला हात गेला. पण विचार करता ते बरोबर आहे. कमरेला मागे कोयता आहेच, पुढे दोर आहे, बाजूला हात फिरतात. पोटरी मोकळी असते, आणि गुडघा वाकवला की मूठ हाताशी येते. रोह्याच्या एका बागेत असं म्यान बांधून चढलेला तरुण मी पाहिला. त्याच्या कमरेला आकडीही होती. दोन्ही पाती, दोन्ही घरांत.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. मूलभूत प्रशिक्षणाच्या सुरुवातीला हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत मिळते. त्या पैशांत करवत घेताना तिच्यासाठी आवरणही घ्यावं, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ते करायला शिकवावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. आमच्या घोंगड्याच्या गवसणीत सामान बहुतेक उरलंसुरलंच लागलं. शिकणाऱ्या मुलाला मोजणं, चिरणं, चिकटवणं, चुका मारणं, सगळं त्या एका वस्तूत शिकता येईल. आणि त्याची पहिली करवत त्याच्या स्वतःच्या हातानं केलेल्या घरात राहील.

दुकानदाराला मी हेही सांगितलं, की पट्टी काउंटरवर ठेवून घेऊ नका, गिऱ्हाईकाच्या हातात द्या, सोबत ट्यूबच्या दोन कड्या द्या. तो म्हणाला, बघू. पुढच्या खेपेला गेलो तर गल्ल्याजवळ एका डब्यात काळ्या कड्या कापून ठेवलेल्या होत्या. किती जण नेतात, ते त्यानं मोजलेलं नव्हतं.

खंडेनवमीला मी पुन्हा काकांच्या पडवीत होतो. घरोघर हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडलेली असतात, तशी इथंही होती. रंधा, वाकस, पटाश्या, गिरमिट, गुण्या, आणि मधोमध ती करवत. गवसणी तिच्यावर चढवायची का शेजारी ठेवायची, यावर घरात जरा चर्चा झाली. सूनबाईंचं म्हणणं, पूजा हत्याराची, मग ते दिसायला हवं. काकांनी गवसणी काढली आणि करवतीला लागून ठेवली. हळदकुंकू दोन्हींना वाहिलं, झेंडूचं एक-एक फूल दोन्हींवर. नमस्कार झाला, प्रसाद वाटला. सगळे आत गेल्यावर काका पुन्हा पाटाशी बसले, गवसणीच्या खाचेत पडलेली झेंडूची पाकळी त्यांनी काडीनं उचकटून काढली, घोंगड्यावर बोट फिरवून ओल आहे का पाहिलं, आणि ती उन्हाच्या पट्ट्यात सरकवून ठेवली.